परतवारी

देवगिरी एक्स्प्रेस सकाळी नांदेडला सोडते तेव्हा तुमच्याकडे दोघांत मिळून दोन पिशव्या असतात, एक थर्मास, आणि परवापर्यंतची सवड. लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत जिथं जिथं गेलात तिथं कुणी ना कुणी बरोबर होतंच. आधी सासूबाई, मग मुलं, मग मुलांच्या परीक्षा. नुसतं दोघांनीच निघायची ही पहिली खेप. तिनं आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे फलाटावर पाय ठेवल्या ठेवल्या ती म्हणते, ‘यादवांच्या मुलखात यादवांच्याच राजधानीच्या नावाच्या गाडीनं आलो. आणि तेही वरच्या बर्थवर लोंबकळत.’

आषाढ वद्य द्वादशी. रात्री पाऊस होऊन गेलाय. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात डोकं उघडं ठेवून जाता येत नाही, म्हणून ती पदर घेते आणि तुम्ही केशरी रुमाल डोक्याला बांधता. गाठ नीट बसत नाही, ती मागून हात घालून ओढून देते. आत सोन्याची झळाळी डोळ्यांवर येते, तरी तुमचं लक्ष जातं ते ग्रंथावर पांघरलेल्या जरीच्या वस्त्राकडं. ‘त्याला रुमाला म्हणतात,’ ती हळूच सांगते. ‘रुमाल नाही, रुमाला.’ तुम्ही मान डोलावता आणि बाहेर येईपर्यंत विसरूनही जाता.

गाडीवाला पोरगा वसमतवरून नेतो. दोन्ही बाजूंना वीतभर हळद, मध्ये सोयाबीन, कुठं कपाशी. ‘काका, तुम्ही एक दिवस लेट आलात,’ तो म्हणतो. ‘काल नरसीला परतवारी होती. पाय ठेवाया जागा नव्हती बघा.’

परतवारी हा शब्द तुम्ही पहिल्यांदाच ऐकता. आषाढीला पंढरपूरला गेलेले वारकरी परत फिरतात, आणि वद्य एकादशीला नरसीत येऊन नामदेवांना भेटतात. तेव्हा कुठं इकडच्या माणसांची वारी पुरी होते. पंढरीकडं जाणाऱ्या पालख्यांचे फोटो महिनाभर पेपरात येतात. रिंगण येतं, घाट येतो, पावसातलं भिजणं येतं. परत येणारी माणसं मात्र मिळेल त्या एसटीनं, टेम्पोनं, पायांना फोड घेऊन गुपचूप घरी येतात. त्या परत येण्यालाही कुणी वारी म्हणतं, याचं तुम्हाला बरं वाटतं.

औंढ्याला पोचायला दुपार होते. नागनाथाचं देऊळ लांबून दोन रंगांचं दिसतं. खाली काळा दगड, हत्तींच्या रांगा, देवदेवता, यादवांच्या काळातली कोनाकोनांची घडण. वर नंतरच्या काळातलं पांढरं बांधकाम. कुणीतरी जुन्या अंगरख्याला नवं ठिगळ लावावं तसा जोड स्पष्ट दिसतो, आणि तो लपवायचा प्रयत्नही कुणी केलेला नाही. आवारात पायविहीर आहे. तिचं नाव सासू-सुनेची बारव, हे कळल्यावर ती म्हणते, ‘बघा, इथंही त्या बरोबर आल्याच.’

गाभारा जमिनीच्या पोटात आहे. माणसाला जेमतेम पुरेल अशा वाटेनं अंग चोरत खाली उतरायचं, बुटक्या छताखाली वाकूनच बसायचं, पिंडीला हात लावायचा आणि मागच्यांसाठी जागा करून द्यायची. खाली श्वास कोंडतो. बेलाचा, दुधाचा, घामाचा वास. तुम्ही वर चढायला लागता आणि दगडाच्या कोपऱ्यात सदऱ्याचा खिसा अडकून फर्रकन उसवतो. ‘राहू दे,’ मागून ती म्हणते, ‘नरसीला गेल्यावर शिवू. शिंप्याचं गाव आहे.’

वर येता तर दिव्याच्या ट्यूब नाहीत, रांगेचे लोखंडी कठडे नाहीत. पांढरं ठिगळही नाही. देऊळ पायापासून शिखरापर्यंत एकाच दगडाचं आहे, आणि काही मूर्तींवर छिन्नीच्या खुणा अजून ताज्या. साल नेमकं सांगता येणार नाही, पण देवगिरीत रामदेवराव राज्य करतोय, म्हणजे १२७१ च्या पुढचं आणि १३११ च्या अलीकडचं. ती तुमच्या दंडाला धरते. घाबरून नव्हे. शाळेची सहल घेऊन गेल्यावर ती मुलांना असंच धरत असणार.

मंडपात विशी-पंचविशीतला एक तरुण कीर्तन करतोय. आवाज फार गोड नाही. पण गाताना त्याचा चेहरा असा होतो की ऐकणाऱ्यालाच संकोच वाटावा. आतून दोघं-तिघं येतात. काय जातीचा, कुठला, असं काहीतरी विचारणं होतं. शिंपी हा शब्द तुम्हाला ऐकू येतो. मग त्याला दंडाला धरून उठवतात. तो भांडत नाही. खांद्यावरून घसरलेलं कांबळं उचलतो, झटकतो आणि देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जाऊन बसतो.

हे कांबळं मी पदरचं घातलेलं नाही. उत्तरेतल्या भाषेत रचलेल्या आपल्या एका पदात नामदेवांनी स्वतःच ही हकीकत सांगितली आहे, आणि त्यात कांबळं आहे. हसतखेळत देवळात आलो, हाकललं गेलो, कांबळं उचलून मागं जाऊन बसलो, असा तो प्रसंग. पदात गावाचं नाव नाही. औंढ्याची माणसं तो प्रसंग आपला मानतात आणि पुरावा म्हणून नंदी दाखवतात. सगळीकडं नंदी शंकरासमोर असतो. इथं तो देवळाच्या मागं राहिलाय, कारण नामदेव बसले त्या बाजूला देऊळच फिरलं.

तुम्हीही मागं जाऊन बसता. आता देऊळ फिरणार म्हणून श्वास धरून बघत राहता. दगड जागचा हलत नाही. पण मंडपात ऐकत बसलेली एक म्हातारी उठून इकडं येते. मग एक गुराखी. मग मंडपातलेच चौघं-पाचजण, कुणी बघत नाही ना असं बघत. थोड्या वेळानं पुढच्या दारात हाकलणाऱ्यांशिवाय कुणी उरत नाही आणि सगळा औंढा ज्याला पाठीमागचं म्हणायचा तिकडं तोंड करून बसलेला असतो. नंदी तेवढा बिचारा जिथल्या तिथं.

दुसरी गोष्टही इथलीच, विसोबा खेचरांची. तेरढोकीला गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली, नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, आणि गुरू शोधत ते या देवळात आले; पाहतात तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. जिथं देव नसेल तिथं ठेव माझे पाय, म्हणाला. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथं पिंड. ती वर्गात ही गोष्ट फार रंगवून सांगायची. मला विचाराल तर त्या दोन गोष्टींत मला कांबळ्याची जास्त खरी वाटते. चमत्कार वजा केला तरी तिच्यात माणूस उरतो.

‘साहेब, लाइन पुढं घ्या,’ कुणीतरी म्हणतं. ट्यूब लागलेल्या आहेत.

मुक्काम हिंगोलीत. १ मे १९९९ ला जिल्हा झाला, त्याआधी परभणीतला तालुका. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख. जेवून लॉजवर येता आणि तासाभरात वीज जाते. पंखा थांबतो, डास येतात. ‘चला, पाय मोकळे करू,’ ती म्हणते. जिना उतरून रस्त्यावर येता, तर रस्त्यावर अंधार असला तरी बाजार भरलेला आहे. मशाली, पणत्या, कंदील. लांबून पहारेकऱ्याची हाळी ऐकू येते.

ही हैदराबाद कंटिन्जन्टची छावणी. फौज निजामाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. साल १८३०-३२ च्या आसपासचं. या अधिकाऱ्यांत फिलिप मेडोज टेलर म्हणून एक तरणा गृहस्थ आहे. १८०८ सालचा लिव्हरपूलचा जन्म, पोरवयात हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या चाकरीत लागला. पुढं १८३९ साली तो एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहील. ती व्हिक्टोरिया राणी छापून पुरी व्हायच्या आत मागवून वाचेल असं म्हणतात. त्या कादंबरीच्या प्रस्तावनेत या बाजाराची हकीकत आहे. ती तुमच्या बायकोनं वाचलेली आहे, तुम्ही नाही. म्हणून पुढच्या पंधरा मिनिटांत तुम्ही मजेत असता आणि ती नसते.

कापडाचं दुकान. मालक अदबीनं उठतो, घोंगडीवर बसायला सांगतो, पाणी मागवतो. ठाणामागून ठाण उलगडत जातो. मुंबईचा माल आहे, म्हणतो, परवाच आला. साहेब लोकही माझ्याकडूनच नेतात. बोलणं इतकं सभ्य की, घासाघीस करायची तुम्हालाच लाज वाटावी. तुम्ही उसवलेला खिसा दाखवता. तो हसतो, नवा सदराच घ्या म्हणतो, गज हातात घेतो. तुम्ही खरंच पाकीट काढता. आतल्या नोटेवरचे गांधीजी त्या पणतीच्या उजेडात फार एकाकी दिसतात.

‘चला,’ ती म्हणते.

‘अगं, चांगलं आहे कापड.’

‘चला म्हणते ना.’

बाहेर आल्यावर ती सांगते. त्याचं नाव हरिसिंग. टेलरचा स्वतःचा त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. एकदा यानं इथले मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडून परवाना घेतला, मुंबईहून कापड आणायचंय म्हणून. कापड येतच होतं, पण दुसऱ्याचं. हिंगोलीजवळच्या एका गावचा व्यापारी आपला माल घेऊन वाटेत होता. हरिसिंगानं त्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारलं, तो माल परवान्यावर छावणीत आणला आणि उघड दुकान मांडून विकला. पकडल्यावर स्वतःच सांगितलं, हसत हसत, म्हणून कळलं. नाहीतर कधी कळलं नसतं.

‘मारलं कशानं?’

ती उत्तर देत नाही. तुमच्या हातातला रुमाल घेते, सकाळचा, डोक्याला बांधलेला, जो तुम्ही विसरून खिशात घालून आणलात आणि खिसा उसवल्यापासून हातात धरून हिंडताय. घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवते. ठगांचं हत्यार हेच होतं.

बाजार संपला की एक कोरडा नाला लागतो, चराएवढा रुंद, पुढं नदीला मिळणारा. बाहेरगावचा रस्ता त्याच्या कडेनं जातो. पहाऱ्याच्या रांगेपासून पाचशे यार्डही नसेल. पुढं माफीचे साक्षीदार इथं एकेक जागा बोट ठेवून दाखवतील, खड्डे उकरले जातील, आणि टेलर लिहील की शेवटी बघणाऱ्यांनाच किळस येऊन शोध थांबवावा लागला. त्याला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे हे सगळं आपल्या नाकाखाली चाललं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता. तुम्ही नाल्यात बघता. माती भुसभुशीत आहे. बाकी काही दिसत नाही, तेच भयंकर.

‘त्या व्यापाऱ्याच्या घरी कोण होतं, ते लिहिलंय का त्यानं?’ तुम्ही विचारता.

‘नाही. गाव जवळचंच होतं, एवढंच आहे.’

म्हणजे इथून दोन-चार कोसांवर एक बाई रोज संध्याकाळी बैलांच्या घुंगरांचा कानोसा घेत असणार, आणि तिच्या नवऱ्यानं मुंबईहून आणलेलं लुगडं छावणीत कुणाच्या तरी अंगावर असणार. वीज येते. पंखा फिरायला लागतो. तुम्ही दोघंही कॉटवर आडवे आहात, पायांना चिखल आहे आणि बराच वेळ कुणी बोलत नाही.

नरसी हिंगोलीच्या पश्चिमेला आहे, गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर. त्रयोदशीची सकाळ. परवाच्या गर्दीचं मागं राहिलेलं सगळं अजून तिथंच: चिखलात हजारो पावलांचे ठसे, नारळाच्या शेंड्या, द्रोण, साबुदाण्याच्या कढया घासत बसलेला एक हॉटेलवाला, मांडवाचं एका बाजूला लोंबणारं कापड. तुम्हाला आवडतं हे. जत्रा उलगल्यावरचं गाव पाहुणे गेल्यावरच्या घरासारखं असतं. खरं बोलायला लागतं.

नदीचं नाव कयाधू. वाशिमकडून येते, हिंगोलीवरून पुढं जाऊन पैनगंगेला मिळते. ‘कयाधू म्हणजे प्रल्हादाची आई,’ ती चप्पल काढता काढता म्हणते. ‘आणि गाव नरसी. नाव घेतलं की नरसिंहच आठवतो. त्याच्या अवताराच्या गोष्टीत सगळे असतात. बाप, मुलगा, खांब, उंबरठा. नवरा उंबऱ्यावर फाडला गेला त्या बाईचं पुढं काय झालं, ते कुणी विचारत नाही. इथं निदान नदीला तरी नाव दिलंय.’

पाण्यात पाय घालता. आषाढाचं गढूळ पाणी एकदम गार लागतं, नको इतकं गार, आणि खाली बघता तर तळ दिसतोय. हे पावसाळ्याचं पाणी नव्हे. कार्तिकाचं आहे. शके ११९२, म्हणजे १२७०, कार्तिक शुद्ध एकादशी.

आता इथं एक पंचाईत आहे. नामदेवांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. घराणं मूळचं नरसीचं, पण दामाशेटी आणि गोणाई पंढरपूरला जाऊन राहिल्यावर मुलगा झाला, असं मानणारे आहेत. नरसीची माणसं अर्थातच हे मानत नाहीत. साडेसातशे वर्षांचा तंटा, आणि तुम्ही दोघं नेमक्या दिवशी, नेमक्या गावात उभे. एवढं एक काम केलंत तर महाराष्ट्रावर उपकार होतील.

पांढरीच्या मातीचं घर. आतून बाई कण्हल्याचा आवाज. ओट्यावर एक माणूस बसलाय, शेजारी गज आणि कातर पडलेली. शिंपी आहे एवढं कळतं. तुम्ही दाराकडं जाता तर सुईण आतून येऊन अशा नजरेनं बघते की, पाय आपोआप मागं येतात. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला कसला इतिहास? बायकोला मात्र सुईण हाताला धरून आत नेते. गरम पाणी ओतायला एक हात कमीच असावा.

तुम्ही त्या माणसाशेजारी ओट्यावर बसता. नाव विचारावं असं फार वाटतं. पण तो हातातल्या चिंधीला गाठी मारतोय, सोडवतोय, पुन्हा मारतोय. तुम्हाला तुमच्या थोरल्याच्या वेळचा दवाखान्यातला बाक आठवतो. तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसानं तुम्हाला काही विचारलं नव्हतं, नुसती तंबाखूची पुडी पुढं केली होती. तुम्हीही गप्प बसता.

मग रडणं ऐकू येतं.

ती बाहेर येते, कोपरापर्यंत ओली, चेहरा लाल झालेला.

‘मुलगा का?’

‘मुलगा.’

‘तोच?’

‘नाव नाही विचारलं.’

‘अगं, एवढं एकच तर विचारायचं होतं! तू इतिहासाची शिक्षिका ना?’

‘दमलेल्या बाळंतिणीला नाव-गाव विचारतं का कुणी? पाणी हवंय का विचारलं. हवं होतं.’ पदरानं हात पुसत ती नदीकडं चालायला लागते. तंटा मिटला नाही. मला वाटतं, न मिटलेला बरा. दोन्ही गावांत दिंड्या येतात.

पाणी पुन्हा गढूळ होतं.

देवळात आज फार गर्दी नाही. चार-पाच टाळकरी, एक वीणेकरी. इथल्या समाधीला वस्त्रसमाधी म्हणतात. देह पंढरपूरला, महाद्वाराच्या पायरीशी, इथं वस्त्र. शिंप्याच्या गावाला शिंप्याकडून याहून योग्य काय यावं? तुम्ही वाकून नमस्कार करता, आणि उठताना लक्षात येतं, त्रयोदशी. १३५० सालची आषाढ वद्य त्रयोदशी, नामदेव गेले तो दिवस आजचाच.

‘राजाई आठवते,’ खांबाला टेकत ती म्हणते.

तुम्ही बाहेर उसवलेल्या खिशात बोट घालून बसलेले असता. राजाई कोण, हे तुम्हाला माहीत असायला हवं, असा तिचा सूर आहे. नामदेवांची बायको. नारा, महादा, गोंदा, विठा ही चार मुलं, मुलगी लिंबाई, दासी जनाबाई, सासू गोणाई, एवढा पसारा रेटणारी. गाथ्यात तिच्या नावाचेही अभंग आहेत, आणि ते सगळे तक्रारीचे. घरात दाणा नाही, नवरा देवापाशी बसून असतो, रखुमाई, तूच सांग तुझ्या नवऱ्याला. परिसा भागवताची बायको कमळजा एकदा तिला परीस देते, म्हणते, घे, लोखंडाचं सोनं कर. एक दुपार राजाई श्रीमंत होते. संध्याकाळी नवरा येतो, परीस चंद्रभागेत फेकतो.

‘आपण वाचताना त्यांना नमस्कार करतो,’ ती म्हणते. ‘पण त्या दुपारी तिनं काय काय ठरवलं असेल, तेही कुणीतरी लिहायला हवं होतं. मुलांना काय आणायचं, कुणाची उधारी फेडायची.’ मग स्वतःच हसते. ‘सुयासुद्धा सोन्याच्या करून बसली असती म्हणा. मग शिवायचं कशानं?’

ज्ञानेश्वरांबरोबर नामदेव तीर्थं करत हिंडले. १२९६ ला आळंदीत ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्याच वर्षी अल्लाउद्दीन देवगिरीवर येऊन गेला. नंतर नामदेव उत्तरेला निघाले ते पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानपर्यंत पोचले आणि तिथं वर्षानुवर्षं राहिले. परंपरा वीस वर्षं सांगते. राजाई त्या यात्रेत नव्हती. शेवटी ते पंढरपूरला परतले. आणि परंपराच सांगते की, पायरीशी समाधी घेतली तेव्हा घरची चौदा माणसं बरोबर गेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली एक सून तेवढी मागं राहिली.

‘म्हणजे दोघांनी मिळून केलेली यात्रा ती एकच,’ तुम्ही म्हणता. तुम्हाला वाटतं हे वाक्य चांगलं जमलं. ती तुमच्याकडं नुसती बघते.

गुरुद्वारा जवळच आहे. निशाण साहिबचं केशरी कापड ओलं होऊन खांबाला चिकटलंय. ती पर्समधून रुमाल काढते, कालचा. रात्रीनंतर तुम्हाला तो हातात घ्यायला जरा जड जातं. ती काही न बोलता तुमच्या डोक्याला बांधते, मागची गाठ नीट मारते.

आत पंजाबहून आलेलं एक कुटुंब बसलंय. हुजूर साहिबला येणारे कितीतरी जण वाट वाकडी करून इथं येतात. चौथऱ्यावर ग्रंथ, त्यावर रुमाला. आणि तेव्हा ती तुमच्या कानाशी येऊन काल सकाळपासून पोटात ठेवलेलं सांगते. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये ग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांत औंढ्याचं म्हणतात ते कांबळं आहे. एका पदात मन हा गज आहे, जीभ ही कातर; सोन्याची सुई आहे आणि रुप्याचा दोरा. घरची सगळी अवजारं तो माणूस पंजाबात घेऊन गेला होता. आणि १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवण्याआधी सांगितलं की, यापुढं माणूस गुरू नाही, हा ग्रंथच गुरू. ते कुठं सांगितलं?

‘नांदेडला,’ तुम्ही म्हणता.

‘नांदेडला. इथून शंभरएक किलोमीटरवर.’

तुम्ही ग्रंथाकडं बघत राहता. औंढ्यात ज्याला दंडाला धरून उठवलं त्याचे शब्द उत्तरेत गेले, तिथं त्यांना वेगळी लिपी मिळाली, वेगळे राग मिळाले, तीन-साडेतीनशे वर्षांनी ते पुन्हा गोदावरीकाठी आले, आणि आता त्यांच्यावर जरीचं वस्त्र घालतात, चवरी ढाळतात, त्यांच्यासमोर उघड्या डोक्यानं कुणाला बसता येत नाही. एप्रिल २०१५ मध्ये घुमानला अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा आपण केवढ्या लांब जाऊन नामदेवांना भेटलो असं सगळ्यांना वाटलं होतं. ते तर इथंच येऊन बसलेले होते.

‘मग काल का नाही सांगितलंस?’

‘काल तुम्ही ऐकलं नसतंत. काल तुम्हाला गाडीची घाई होती.’

लंगरमध्ये डाळ-रोटी खाऊन ओसरीवर येता. पाऊस पुन्हा झिमझिमायला लागलाय, गाडीवाला पोरगा काच वर करून झोपलाय. ती पिशवीतून सुई-दोऱ्याची डबी काढते. तुम्ही सवयीनं सदऱ्याची बटणं सोडायला लागता, काढून तिच्याकडं द्यावा म्हणून. ती डबीच तुमच्या मांडीवर ठेवते.

‘आज तुम्ही शिवा.’

सुईच्या नाकात दोरा जायलाच पाच मिनिटं. थुंकी लावून, टोक वळून, चष्मा वर करून, खाली करून. पहिला टाका खिसा आणि सदरा सोडून तुमच्या बोटात. दुसऱ्याला दोऱ्याची गाठ निसटते. ती समोर पाऊस बघत बसलीय, मदत करणार नाही हे पाठीवरूनच कळतं. आतून ते पंजाबी कुटुंब बाहेर येतं. त्यातली म्हातारी जिन्यावर थांबून तुमचा उद्योग थोडा वेळ बघते, काहीतरी बोलते, ते तुम्हाला कळत नाही. मग तुमच्याशेजारी बसते, सुई हातातून काढून घेते, तुमचे दोन टाके उसवून टाकते आणि सदरा तुमच्या अंगावरच ठेवून झरझर, बारीक, सारख्या अंतराचे टाके घालत जाते. तुम्ही श्वास रोखून छाती आत घेऊन बसलेले. तुमची बायको वळून बघते आणि तोंडाला पदर लावते.

गाठ मारून म्हातारी खाली वाकते आणि दातानं दोरा तोडते.